शाळा संस्थेच्या हाती देताय? आधी ऊसतोडीचं विचारा

पट घसरलेला, शिक्षकाची जागा रिकामी, आणि अशात एखादी संस्था शाळा हाती घेतो म्हणत गाडी घेऊन गावात आली की शाळा समितीतले लोक हुरळून जातात. मी बीड जिल्ह्यात केंद्रप्रमुख होतो, अशा बैठकांना बसलोय. रंगवलेल्या भिंतींचे फोटो बघून सह्या करू नका.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालक, निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडाही समितीच करते, संस्था नव्हे. सप्टेंबर २०२३ च्या दत्तक शाळा योजनेत ग्रामीण शाळेला देणगीदारानं पाच वर्षांसाठी ५० लाख, दहासाठी एक कोटी द्यायचे. तेही वस्तू-सेवांच्या रूपात, रोख नाही. देणगीदाराला आपलं नाव शाळेला जोडता येतं. पाटी त्यांची लागेल, पण वर्गात उभं कोण राहणार, तेवढं आधी विचारा.

मग त्यांची चालू असलेली एखादी शाळा बघा. आधी कळवू नका. दारात मुख्याध्यापकांना सांगून आत जा. खिचडीच्या नोंदवहीतला आकडा आणि वर्गातली डोकी जुळतात का? तिसरीच्या दोन-तीन लेकरांना न शिकवलेला उतारा वाचायला द्या, हातच्याची वजाबाकी घाला. पाठ केलेली कविता ऐकून खूश व्हायचं नाही. निघताना स्वयंपाकाच्या मावशींशी बोला, त्या गुरुजींपेक्षा मोकळं सांगतात.

आपल्याकडं संस्थेला विचारायचा खरा प्रश्न एकच: दिवाळीनंतर काय करणार? धारूर, वडवणीकडं दिवाळी झाली की बिऱ्हाडं ट्रकात चढतात, लेकरं आईबापाबरोबर उसाच्या फडावर. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर लेकरं गावात राहावीत म्हणून चालणाऱ्या हंगामी वसतिगृहाला तुमचा माणूस मुक्कामी राहील का? आजीपाशी ठेवलेल्या लेकरांना संध्याकाळी कोण बघणार? आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, परत आलेल्या पोरांचा बुडालेला अभ्यास एप्रिलात कसा भरून काढणार? "आमचं ॲप आहे" असं उत्तर आलं तर चहा पाजून वाटेला लावा. माणसाचं नाव, तो राहणार कुठं आणि त्याचा पगार कोण देणार, हे सांगणाऱ्याशीच पुढं बोला.

करारात दरवर्षीची वाचन-गणिताची तपासणी घाला, ती समितीसमोर व्हावी. आलेली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीला, चढवा, नाहीतर संस्था गेली की टॅबही जातात. आणि ठराव करायचा तो ग्रामसभेत, मोठ्यानं वाचून. संस्थेच्या ऑफिसात जाऊन सही करायची नाही.