उसाच्या फडात बिबट्याची पिल्ले आढळल्यास काय करावे

जुन्नर, आंबेगाव, शिरूर या तालुक्यांत ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याची पिल्ले सापडल्याच्या बातम्या येऊ लागतात. दाट उसात सावली, पाणी आणि आडोसा एकाच जागी मिळत असल्याने मादी तेथेच विते. पिल्ले एकटी दिसली म्हणजे ती पोरकी झाली, हा समज सर्वांत आधी मनातून काढून टाकावा. माणसांच्या चाहुलीने मादी बहुधा शेजारच्या उभ्या उसात सरकलेली असते आणि अंधार पडण्याची वाट पाहत असते.

म्हणून पिल्लू दिसताच तोड थांबवावी, मुकादमाने टोळीला तोडलेल्या मोकळ्या बाजूने एकत्र बाहेर काढावे आणि वन विभागाला 1926 या क्रमांकावर कळवावे. बांधावर झोपवलेली लहान मुले त्याच क्षणी उचलून दूर न्यावीत. गर्दी जमू देऊ नये, फोटोसाठी पिल्लू हातात घेऊ नये आणि भुकेले वाटले तरी त्याला गायीचे दूध पाजू नये, कारण घाईने पाजलेले दूध श्वासनलिकेत जाऊन पिल्लू दगावू शकते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार बिबट्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण मिळालेल्या प्राण्यांच्या यादीत असल्याने पिल्लू घरी नेणे हा गुन्हाही आहे. सापडलेले पिल्लू कधी कधी वाघाटीचे, म्हणजे अगदी छोट्या रानमांजराचे निघते. मात्र ती ओळख तज्ज्ञांनीच पटवावी.

पुढचे काम वनकर्मचारी आणि पशुवैद्यक यांचे आहे. शेतकऱ्याने मात्र पिल्लू नेमके कोठे सापडले ती जागा अचूक दाखवावी, कारण पिल्लांची आईशी पुन्हा भेट घडवण्याचे सारे यश त्या जागेवरच अवलंबून असते. तपासणीनंतर पिल्ले भाजीच्या क्रेटमध्ये ठेवून दिवस मावळण्यापूर्वी त्याच जागी नेली जातात, आसपास कॅमेरे लावले जातात आणि माणसे दूर जातात. रात्री मादी येते, हुंगते, पंजाने क्रेट उलटवते आणि एकेका पिल्लाची मानगूट अलगद तोंडात धरून उसात दिसेनाशी होते. पहिल्या रात्री ती आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा प्रयत्न करावा लागतो, तोवर त्या फडाकडे कोणीही फिरकू नये.

‘पिल्ले सफारीत पाठवा’ अशी मागणी अशा वेळी हमखास होते. माझे स्पष्ट मत आहे की सफारी उद्यान हे आधीच बंदिस्त झालेल्या, जंगलात परत सोडता न येणाऱ्या बिबट्यांसाठी असावे. माणसाच्या हातावर वाढलेल्या पिल्लाला शिकार शिकवणारी आई नसते आणि त्याला माणसाची भीतीही उरत नाही, त्यामुळे त्याचा उरलेला जन्म बहुधा बंदिवासातच जातो. आई जिवंत असताना हे घडू देऊ नये.

मादीने पिल्ले नेली, हे वनकर्मचाऱ्यांनी कॅमेऱ्यातील चित्रे पाहून सांगितल्यावरच उरलेली तोड सुरू करावी, तीही पूर्ण उजाडल्यानंतर आणि सर्वांनी एकाच बाजूने.