शस्त्र हाच जिचा पेशा आहे, अशी नायिका कशी शोधावी

इंग्रजी फँटसीच्या (अद्भुतकथांच्या) बाजारात ‘कणखर नायिका’ हे शब्द आज जवळजवळ प्रत्येक पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापलेले असतात, आणि म्हणूनच शोध घेताना त्यांचा काहीही उपयोग होत नाही. हे शब्द टाकून ऑनलाइन दुकानात शोध घेतला, तर मुखपृष्ठावर तलवार उगारलेल्या मुलींची रांग लागते. पुस्तक उघडल्यावर मात्र अनेकदा असे आढळते की ती तलवार पहिल्या काही प्रकरणांनंतर म्यानातून बाहेरच येत नाही, आणि ऐन वेळी नायिकेची सुटका करायला कोणी राजपुत्र धावून येतो. लढणे हे जिचे काम आहे, जी स्वतःच्या मर्जीने घराबाहेर पडते आणि जिच्या निर्णयांमुळे कथानकाची दिशा बदलते, अशी नायिका हवी असेल, तर शोध तिच्या स्वभावाच्या विशेषणांवरून न घेता तिच्या पेशावरून घ्यावा.

हे प्रत्यक्षात अगदी सोपे आहे. ‘फँटसी’ या शब्दासोबत ‘मर्सिनरी’ (भाडोत्री सैनिक), ‘बॉडीगार्ड’, ‘लेडी नाइट’ (चिलखतधारी स्त्री योद्धा), ‘सोर्ड्सवुमन’ (तलवारबाज स्त्री) किंवा ‘पायरेट कॅप्टन’ असे शब्द इंग्रजीतून टाकावेत. ज्या लेखकाने नायिकेला नेमके काम दिलेले असते, त्याला त्या कामातील शिस्त, मजुरी, जखमा आणि कंटाळा यांविषयीही काहीतरी लिहावेच लागते, त्यामुळे निव्वळ शोभेच्या योद्ध्या या चाळणीतून आपोआप गळतात. कथांमधील ठरावीक साच्यांची नोंद ठेवणाऱ्या टीव्ही ट्रोप्स या संकेतस्थळावर ‘ॲक्शन गर्ल’ आणि ‘फो ॲक्शन गर्ल’ (Faux, म्हणजे खोटी) अशी दोन वेगळी पाने आहेत. जिच्या पराक्रमाची सगळे जण वाखाणणी करतात, पण जी प्रत्यक्ष प्रसंगात काहीच करून दाखवत नाही, अशी पात्रे दुसऱ्या पानावर नोंदवलेली असतात. पुस्तक विकत घेण्याआधी त्याचे नाव या दोहोंपैकी कोणत्या यादीत आहे, हे पाहणे फायद्याचे ठरते. तिथे पुढचे कथानक उघड होण्याचा धोका असतो, तेवढा मात्र पत्करावा लागतो.

पेशावरून शोध घेतल्यावर काय हाती लागते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे एलिझाबेथ मून यांची ‘द डीड ऑफ पाक्सेनारियन’ ही तीन भागांची मालिका. पहिला भाग ‘शीपफार्मर्स डॉटर’ 1988 मध्ये आला आणि तिसरा 1989 मध्ये. वडिलांनी ठरवलेले लग्न नाकारून, आजोबांची जुनी तलवार घेऊन पाक्स ही मेंढपाळाची मुलगी घरातून निघते आणि भाडोत्री सैनिकांच्या तुकडीत साधी शिपाई म्हणून भरती होते. लेखिका स्वतः अमेरिकेच्या मरीन कोअरमध्ये नोकरी करून आलेल्या असल्याने कवायत, पहारे, पायपीट आणि बराकीतील भांडणे यांचे वर्णन त्या इतक्या सावकाश करतात, की काही वाचकांचा धीर तिथेच सुटतो. माझ्या मते मालिकेचे खरे बळ त्या संथपणातच आहे, कारण पुढे पाक्स जेव्हा एखादा कठीण निर्णय घेते, तेव्हा तो घेण्याची तिची पात्रता कशी तयार झाली हे आपण पाहिलेले असते. संपूर्ण मालिकेत तिला प्रियकर नाही आणि त्याची उणीवही कुठे भासत नाही.

मलपृष्ठावरील मजकूर वाचताना क्रियापदांकडे लक्ष द्यावे. नायिका निघते, शोधते, नाकारते, सौदा करते, असे तिथे लिहिलेले असेल, तर आशेला जागा आहे. तिला पळवले जाते, तिची निवड होते, तिचे नशीब उलगडते आणि शेवटी तिला दोन पुरुषांपैकी एकाची निवड करावी लागते, असा मजकूर असेल, तर ते पुस्तक प्रेमकथेच्या वाचकांसाठी लिहिलेले आहे असे समजावे. अशा पुस्तकांना हल्ली ‘रोमँटसी’ म्हणतात आणि 2023 नंतर दुकानांतील फँटसीची बरीचशी जागा त्यांनी व्यापलेली आहे. त्यात वाईट काही नाही, त्यांतल्या काही नायिका उत्तम लढतातही. फक्त कथेचा कणा प्रेमसंबंध हा असतो, हे आधी माहीत असले म्हणजे अपेक्षाभंग होत नाही.

यानंतरची परीक्षा नमुना प्रकरणांची. किंडलवर बहुतेक इंग्रजी पुस्तकांची सुरुवातीची पाने विनामूल्य वाचता येतात. त्यांत पहिला झगडा कुठे येतो ते शोधावे आणि तो दोनदा वाचावा. नाहोको उएहाशी या जपानी लेखिकेच्या ‘मोरिबितो: गार्डियन ऑफ द स्पिरिट’ या कादंबरीत ही परीक्षा कशी उतरते, ते पाहण्यासारखे आहे. बाल्सा ही तीस वर्षांची, भाला चालवणारी अंगरक्षक पुलावरून जात असताना राजपुत्र नदीत पडतो आणि ती त्याला वाचवण्यासाठी प्रवाहात उडी घेते. पुढे राजाचे मारेकरी तिला गाठतात, तेव्हा ती अनेकांशी एकटी लढते, पण त्या लढाईत गंभीर जखमी होते, आणि तांदा या वैद्य मित्राच्या उपचारांनी बरी होईपर्यंत कथेला थांबावे लागते. लढाईची किंमत शरीराला मोजावी लागते, ही गोष्ट लेखिकेने विसरू दिलेली नाही. शिवाय बाल्सा हे काम का करते, याचे उत्तरही तिच्या स्वतःच्या भूतकाळात आहे: तिला वाचवताना तिच्या पालनकर्त्याच्या हातून आठ जण मारले गेले, म्हणून आठ जीव वाचवण्याचा तिने पण केला आहे. जपानीत ही कादंबरी 1996 मध्ये प्रसिद्ध झाली, कॅथी हिरानो यांचा इंग्रजी अनुवाद 2008 मध्ये आला आणि 2014 मध्ये उएहाशी यांना हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. ही कादंबरी ज्या मालिकेचा पहिला भाग आहे, तिचे पहिले दोनच भाग इंग्रजीत पुस्तकरूपाने आले, ही खेदाची बाब आहे. पहिल्या भागावरची 2007 ची 26 भागांची ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका मात्र पाहता येते.

ज्यांना या परंपरेच्या मुळाशी जायचे आहे, त्यांनी सी. एल. मूर यांच्या जिरेल या नायिकेपासून सुरुवात करावी. ‘ब्लॅक गॉड्स किस’ ही तिची पहिली कथा ‘वीअर्ड टेल्स’ या मासिकाच्या ऑक्टोबर 1934 च्या अंकात आली. गढी पडलेली आहे, पराभूत सरदाराला चिलखतासह विजेत्यासमोर उभे केले आहे आणि शिरस्त्राण काढल्यावर तो सरदार म्हणजे एक स्त्री असल्याचे त्याला कळते, ही सुरुवात आजही तितकीच झणझणीत वाटते. शेवट मात्र आजच्या वाचकाला खटकण्याची शक्यता आहे. त्यानंतर जोआना रस यांच्या ॲलिक्स या नायिकेच्या कथा 1967 पासून येऊ लागल्या. 1973 मध्ये कॉमिक्समध्ये अवतरलेली रेड सोन्या लोकप्रिय झाली ती बरीचशी तिच्या लोखंडी कड्यांच्या बिकिनीमुळे. तिच्या जुन्या अंकांपेक्षा गेल सिमोन यांनी 2013 पासून लिहिलेले अंक आधी वाचावेत.

लेखकांची नावे माहीत नसताना कथासंग्रह हा सर्वांत चांगला मार्ग असतो. जेसिका अमांडा सामनसन यांनी संपादित केलेला ‘ॲमेझन्स!’ हा 1979 चा संग्रह आणि 1984 पासून निघू लागलेली ‘सोर्ड अँड सॉर्सरेस’ ही संग्रहांची मालिका जुन्या पुस्तकांच्या दुकानांत अधूनमधून सापडते. संग्रहातील जी कथा आवडेल, तिच्या लेखिकेचे नाव इंटरनेट स्पेक्युलेटिव्ह फिक्शन डेटाबेस या विनामूल्य सूचीत टाकावे. तिथे त्या लेखिकेची सगळी पुस्तके, मालिकेतील क्रम आणि वेगवेगळ्या आवृत्त्यांची साले मिळतात. मालिकेचा मधलाच भाग चुकून विकत घेण्याची वेळ त्यामुळे येत नाही.

वाचणाऱ्याचे वय लक्षात घेणे इथे विशेष आवश्यक आहे, कारण युद्धाचे प्रामाणिक वर्णन करणारी पुस्तके क्रूरही असतात. पाक्सच्या तिसऱ्या भागातील छळाची प्रकरणे प्रौढांनाही जड जातात, आणि आर. एफ. क्वांग यांची 2018 ची ‘द पॉपी वॉर’ तर शाळकरी मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. स्टोरीग्राफ या संकेतस्थळावर वाचकांनी नोंदवलेल्या आशयविषयक सूचना पाहून ठेवाव्यात. अकरा-बारा वर्षांच्या मुलीसाठी टमोरा पियर्स यांच्याइतकी भरवशाची लेखिका मला तरी दुसरी दिसत नाही. त्यांची अलाना मुलाचा वेष घेऊन नाइट होण्याचे शिक्षण घेते (पहिले पुस्तक 1983), तर पुढच्या पिढीतील केल हेच शिक्षण मुलगी म्हणून उघडपणे घेते आणि म्हणून तिला, मुलांवर नसलेली, एका वर्षाच्या परिवीक्षेची, म्हणजे कसोटीच्या काळाची, अट घातली जाते. ‘फर्स्ट टेस्ट’ (1999) पासून ‘लेडी नाइट’ (2002) पर्यंतची केलची चार पुस्तके मला अलानाच्या पुस्तकांपेक्षा सरस वाटतात, कारण केलला जन्मजात जादू येत नाही. तिला मिळते ते सगळे सरावाने.

याच्या नेमक्या दुसऱ्या टोकाला शॅनन चक्रवर्ती यांची 2023 ची ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ अमिना अल-सिराफी’ आहे. बाराव्या शतकातील हिंदी महासागरात चाचेगिरी करून निवृत्त झालेली, दुखऱ्या गुडघ्याची आणि एका मुलीची आई असलेली अमिना आपले जुने सोबती गोळा करून पुन्हा समुद्रावर निघते. नायिका विशीतलीच असली पाहिजे हा संकेत ही कादंबरी हसतखेळत मोडते, आणि कोकण किनाऱ्यावरच्या वाचकाला त्यातील मोसमी वारे व बंदरांची वर्दळ परकी वाटणार नाही.

मराठीत मात्र या प्रकाराचे स्वतंत्र दालन अजून उभे राहिलेले नाही. आपल्याकडे ताराबाई किंवा झाशीच्या राणीवरील लेखन विपुल आहे, पण ते ऐतिहासिक कादंबरीच्या किंवा चरित्राच्या अंगाने जाते. अद्भुताची जोड हवी असेल, तर जैमिनी अश्वमेधातील स्त्रीराज्याची राणी प्रमिला जरूर वाचावी. अश्वमेधाचा घोडा अडवून ती अर्जुनाला युद्धाला भाग पाडते. आधुनिक अनुवादांपैकी अमीश यांची मूळ इंग्रजीत 2017 मध्ये आलेली ‘सीता: मिथिलेची योद्धा’ मराठीत उपलब्ध आहे. ताशा सूरी यांची ‘द जॅस्मिन थ्रोन’ (2021) भारतीय धाटणीची आहे आणि 2022 चा वर्ल्ड फँटसी पुरस्कार तिला मिळालेला आहे, परंतु तिच्या दोन्ही नायिकांचे बळ तलवारीपेक्षा जादूत आणि राजकारणात आहे, हे जाणूनच ती घ्यावी.

पुस्तके मिळवण्याबाबत थोडेसे. 1980 च्या दशकातील छापील प्रती भारतात नव्या मिळणे कठीण असल्याने ई-आवृत्ती किंवा मुंबईत फोर्टच्या फूटपाथवरची जुनी पुस्तके हेच दोन व्यवहार्य पर्याय उरतात. पाक्सची तिन्ही पुस्तके एकाच जाडजूड खंडातही निघालेली आहेत. तो खंड समोर आला तर किंमत फार न ताणता घेऊन टाकावा. अमेरिका, कॅनडा किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी सार्वजनिक ग्रंथालयाच्या सभासदत्वावर लिबी हे ॲप वापरावे, म्हणजे यातील बरीच पुस्तके विनामूल्य वाचायला मिळू शकतील. एकदम मोठी मालिका हाती घेण्याऐवजी आधी ‘मोरिबितो’ घ्यावी: ती आटोपशीर आहे, तिची गोष्ट एकाच भागात पुरी होते, आणि बाल्सा आवडली तर पाक्सच्या कवायतीचाही कंटाळा येणार नाही.