गाडीचा एक्झॉस्ट बदलताना या चुका टाळा

एक्झॉस्टचे, म्हणजे इंजिनातला जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळीचे, काम बहुधा पाना हातात घेण्यापूर्वीच फसते, कारण काय बदलायचे आणि कशासाठी बदलायचे हे ठरण्याआधीच भाग विकत घेतलेला असतो. केवळ आवाज बदलायचा असेल, तर मागचा सायलेन्सर बदलणे पुरेसे असते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या डब्याच्या, मागची संपूर्ण नळी बदलणे, म्हणजे ज्याला कॅट-बॅक म्हणतात, हा त्यापुढचा टप्पा. आणि मॅनिफोल्ड, म्हणजे सर्व सिलिंडरांचा वायू एकत्र करणारा इंजिनालगतचा भाग, काढून त्या जागी हेडर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळी नळी असलेला जोड, बसवणे म्हणजे इंजिनाच्या इंधनाच्या हिशोबालाच हात घालणे. इंजिनाच्या जितके जवळ जावे तितकी चूक महाग पडते. भाग मागवताना गाडीचे नाव आणि वर्ष एवढ्यावर थांबू नये. इंजिनाचा प्रकार, चाके पुढची चालतात की चारही, आणि जुन्या नळीवरील हँगरच्या, म्हणजे नळी गाडीखाली टांगणाऱ्या आधारांच्या, जागा, हे सारे जुळवून पाहावे.

जाड नळी म्हणजे जास्त ताकद, हा समज

नळी जितकी रुंद तितके इंजिन मोकळे, असे मानून अनेक जण गरजेपेक्षा मोठा व्यास निवडतात. आतील व्यास ५० मिलिमीटरवरून ६३ मिलिमीटर केला, तर छेदाचे क्षेत्रफळ जवळजवळ ५९ टक्क्यांनी वाढते, आणि तेवढाच वायू जात असेल तर त्याचा वेग सुमारे ३७ टक्क्यांनी घटतो. हा वेग महत्त्वाचा असतो. प्रत्येक सिलिंडरमधून वायू ठोक्याठोक्याने बाहेर पडतो, आणि वेगाने निघालेल्या ठोक्याच्या मागे तयार होणारा कमी दाब सिलिंडरमधला उरलेला वायू ओढून घेण्यास मदत करतो. वेग मंदावला की ही ओढ क्षीण होते, आणि कमी आरपीएमवर (इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे), म्हणजे रोजच्या चालवण्यात जिथे गाडी सर्वाधिक असते तिथेच, ती सुस्त वाटू लागते. यावरून ‘इंजिनाला बॅक प्रेशर (वायूला मागे रेटणारा दाब) हवाच’ असा निष्कर्ष काढणेही चूक आहे. इंजिनाला अडथळा नको असतो, वेग हवा असतो. टर्बोच्या गाडीत गणित वेगळे असते. तिथे बाहेर जाणाऱ्या वायूने फिरणाऱ्या टर्बाइननंतरच्या नळीत अडथळा जितका कमी तितके बरे, म्हणून एकाच्या अनुभवावर दुसऱ्याने नळी निवडू नये.

आवाजाची पारखही उभ्या गाडीत रेस देऊन होत नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात २५०० आरपीएमला दर सेकंदाला सुमारे ८३ स्फोट होतात, आणि एकसारख्या वेगाने लांब जाताना त्यांची खोल घुमी केबिनमध्ये भरून राहते. रेझोनेटर, म्हणजे ही घुमी दाबणारा नळीतला डबा, काढून टाकणाऱ्यांना हा त्रास हमखास होतो. माझ्या मते रेझोनेटर काढण्याने मिळणारा आवाज त्या थकव्याच्या मोलाचा नाही.

धातूबाबत एक छोटी गोष्ट. ३०४ दर्जाचे स्टेनलेस स्टील सहसा चुंबकाला चिकटत नाही आणि ४०९ दर्जाचे चिकटते, म्हणून ‘स्टेनलेस’ एवढ्या शब्दावर विसंबू नये. मात्र वाकवलेल्या जागी ३०४ थोडे चिकटू शकते. चुंबक सरळ भागावर लावावा. छोट्या फेऱ्या जास्त असतील तर नळीत पाणी साचून गंज आतून धरतो, त्यामुळे सायलेन्सरच्या तळाचे बारीक छिद्र दोष समजून बुजवू नये.

बसवताना

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे एकेक जोड बसवत, तिथल्या तिथे घट्ट करत पुढे जाणे. असे केल्यास शेवटचे टोक बंपरला लागते किंवा एखादा हँगर ओढला जातो, आणि मग दोष भागाला दिला जातो. सगळी नळी आधी सैलसर टांगावी, गाडीची बॉडी, ॲक्सल, ब्रेकच्या नळ्या आणि इंधनाच्या टाकीपासूनचे अंतर पाहावे, आणि मगच इंजिनाकडून मागे येत जोड आवळावेत. अंतर ठेवताना उष्णतेचे प्रसरण विसरू नये: ३०४ स्टीलची दीड मीटर नळी ४०० अंश सेल्सियसने तापली, तर सुमारे १० मिलिमीटर लांबते. म्हणून भोवती दोन-अडीच सेंटिमीटर जागा असावी, आणि जुनी, भेगाळलेली हँगरची रबरे नव्या नळीसोबत परत वापरू नयेत. जोडातली फट बंद करणारे गॅस्केटही नवेच घ्यावे. यू-क्लॅम्प नळी चेपतो व पुढे ती सुटणे अवघड करतो. रुंद पट्टीचा क्लॅम्प बरा.

वेल्डिंग करायचेच असेल, तर बॅटरीची जोडणी काढावी आणि वेल्डिंग यंत्राची अर्थिंगची वायर वेल्डच्या जवळ लावावी. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नये. स्टँड लावावेत, नळी पूर्ण थंड होऊ द्यावी.

सेन्सर आणि चेक इंजिनचा दिवा

काम झाल्यावर दिवा लागला की लोक कन्व्हर्टर किंवा सेन्सर बदलायला धावतात. आधी गळती शोधावी. ऑक्सिजन सेन्सरच्या (वायूतला ऑक्सिजन मोजणारा भाग) आधीच्या, इंजिनाकडच्या जोडात फट असेल, तर दोन ठोक्यांमधल्या कमी दाबामुळे बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रणात इंधन कमी असल्याचे भासते, आणि संगणक विनाकारण जास्त इंधन सोडू लागतो. गाडीच्या संगणकातला पी०४२० हा दोषाचा कोड कन्व्हर्टरच्या कार्यक्षमतेबद्दल असला, तरी त्यामागेही कधीकधी अशीच फट असते. सीलंट वापरायचे असल्यास ते सेन्सरला सुरक्षित असल्याची खात्री करावी, कारण सिलिकॉनची वाफ सेन्सर निकामी करते. सेन्सरच्या आट्यांना लावायचे वंगण टोकाला लागू देऊ नये, आणि त्याची वायर नळीला टेकणार नाही अशी बांधावी. दिवा बंद व्हावा म्हणून कन्व्हर्टर काढणे किंवा सेन्सर फसवणारे तुकडे लावणे हा उपाय नव्हे. अनेक देशांत तो गुन्हाही आहे.

गळती शोधणे अवघड नाही. थंड इंजिन सुरू करताना टिकटिक ऐकू आली आणि तापल्यावर ती मावळली, तर मॅनिफोल्डचे गॅस्केट तपासावे. जोडाभोवतीचा काळा काजळीचा डाग फटीची जागा दाखवतो. इंजिन थंड असताना जोडांवर साबणाचे पाणी लावून सुरू केल्यास बुडबुडे दिसतात. खडखड आवाज बहुधा हीट शील्डचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या पत्र्याचा, असतो. तो कन्व्हर्टरच्या आतून येत असेल, तर आतला सिरॅमिकचा गाभा तुटलेला आहे असे समजावे. ही सगळी तपासणी मोकळ्या हवेत करावी. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि केबिनखालची गळती तो थेट आत पोहोचवू शकते.

पहिल्यांदा तापताना नव्या नळीवरचे तेल जळून थोडा धूर निघतो, त्याने घाबरू नये. तो काही मिनिटांत थांबतो. सुमारे १०० किलोमीटर चालवून, गाडी पूर्ण थंड झाल्यावर, प्रत्येक बोल्ट आणि क्लॅम्प पुन्हा एकदा आवळावा, कारण पहिल्या काही तापण्या-थंड होण्यातच जोड बसतात.