सालसा-स्विंगचा टीचर शोधताय? आधी विचारा, तुम्ही नाचायला कसे लागलात

सालसा, बचाटा, स्विंग, टँगो, यातलं काहीही शिकायचं ठरलं की आपण फोन करून तीनच गोष्टी विचारतो, फी किती, बॅच कधी आणि पार्टनर बरोबर आणावा लागतो का. पार्टनर शक्यतो लागत नाही हे इथेच सांगून टाकते, बऱ्याच क्लासमध्ये थोड्या थोड्या वेळाने जोड्या बदलतात. फी आणि वेळ इन्स्टावर लिहिलेली असतेच. म्हणून तो फोन वाया घालवू नका, एवढंच विचारा, "सर, तुम्ही नाचायला कसे लागलात?"

उगाच गप्पा मारल्यासारखं वाटेल, पण या उत्तरावरून तो माणूस तुम्हाला काय मन लावून शिकवणार आणि काय शिकवायचं त्याच्या लक्षातच येणार नाही हे बरंचसं कळतं. सोशल डान्समध्ये काही बसवलेलं नसतं, समोरचा अनोळखी असतो, गाणं कुठलं लागेल ते माहीत नसतं आणि तीन-चार मिनिटं दोघांनी मिळून निभवायचं असतं. हे कोण कुठे शिकलं, बघून की मोजून की स्टेजसाठी, त्याची सवय शिकवण्यात उतरतेच.

थेट फ्लोअरवर शिकलेल्यांपासून सुरू करू. लिंडी हॉप, म्हणजे स्विंगचाच एक प्रकार, शिकायला गेलात तर फ्रँकी मॅनिंग हे नाव लवकरच कानावर पडेल. जन्म 1914 चा, फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचा, लहान असतानाच आईबरोबर न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये आला. आईला नाचाची भारी हौस, आणि तिनेच पोराला सांगितलं की तू फार ताठ आहेस, तुझ्याच्याने हे व्हायचं नाही. मग हा घरी रेकॉर्ड लावून झाडू आणि खुर्चीला पार्टनर करून नाचायचा (आईचं असं बोलणं किती कामी येतं बघा). पुढे सव्हॉय बॉलरूम. लेनॉक्स अव्हेन्यूवरचा हा हॉल 1926 ला उघडला, काळे आणि गोरे तिथे एकाच फ्लोअरवर नाचायचे जे तेव्हा अमेरिकेत बहुतेक ठिकाणी चालायचंच नाही, आणि स्टेज दोन असल्याने एक बँड थांबला की दुसरा सुरू, म्हणजे नाचणाऱ्याला दम खायची सोयच नाही. तिथे शिकायचं म्हणजे चांगले नाचणारे ज्या कोपऱ्यात असतील तिकडे उभं राहून बघायचं आणि मग घुसायचं. 1935 मध्ये तिथल्याच एका स्पर्धेत त्याने पार्टनर फ्रीडा वॉशिंग्टनला पाठीवरून पलटी मारून दुसऱ्या बाजूला उतरवलं, ती लिंडी हॉपमधली पहिली एअर स्टेप, म्हणजे पार्टनरला हवेत नेणारी स्टेप, मानतात.

पुढे महायुद्ध आलं, मग लोकांची आवड बदलली, मोठे बँड बंद पडत गेले, 1955 च्या सुमारास याचा ग्रुपही मोडला आणि हा माणूस सरळ पोस्टात नोकरीला लागला, तिथे तीसेक वर्षं राहिला. 1986 मध्ये कॅलिफोर्नियातून एरिन स्टीव्हन्स आणि तिचा डान्स पार्टनर त्याला शोधत आले तेव्हा त्याचं म्हणणं काय, तर मी शिकवत नाही. शेवटी तयार झाला. बहात्तराव्या वर्षी शिकवायला लागला आणि 2009 मध्ये वारला तोपर्यंत स्वीडनच्या हेरांग डान्स कॅम्पसारख्या ठिकाणी आणि जगभर शिकवत फिरला. 26 मे, त्याचा वाढदिवस, आता वर्ल्ड लिंडी हॉप डे म्हणून साजरा होतो.

त्याच्या शिकवण्यात आकड्यांपेक्षा तोंडाने म्हटलेला ताल जास्त असायचा, आपल्याकडे तबल्याचे बोल म्हणतात तसा. आणि पार्टनरचा मान ठेवायचा, ती तीन मिनिटं समोरचं माणूस सगळ्यात महत्त्वाचं, हे तो पुन्हा पुन्हा सांगायचा. फ्लोअरवरून आलेल्या टीचरकडे साधारण हेच मिळतं, गाणं ऐकायची सवय आणि माणसाशी नाचायची अक्कल. अडतं कुठे, तर तुम्ही "आत्ता वजन कुठल्या पायावर?" विचारलं की काहीजण "अरे फील कर" म्हणून मोकळे होतात. फील होत नाही म्हणूनच पैसे भरलेत ना बाबा! तेव्हा ट्रायल क्लासमध्ये हाच प्रश्न विचारून बघा, जो दोन वाक्यांत सांगून पुन्हा सावकाश करून दाखवतो तो पक्का.

या बाबतीत माझं आवडतं उदाहरण सालसाचा टीचर एडी टोरेसचं. न्यूयॉर्कच्या स्पॅनिश हार्लेमचा, आईवडील पोर्तो रिकोचे, हासुद्धा क्लबमध्ये बघून बघून शिकलेला. त्याच्या आधीच्या पिढीचा अड्डा म्हणजे ब्रॉडवे आणि 53 व्या रस्त्यावरचा पॅलेडियम हा डान्स हॉल, 1966 ला बंद पडला, तिथले मॅम्बो (सालसाच्या आधीचा लॅटिन नाच) नाचणारे बघत तो तयार झाला. मग त्याला जून लाबेर्टा नावाची बॉलरूमची टीचर भेटली आणि तिने त्याच्यामागे लकडा लावला की नुसतं नाचून भागणार नाही, तू कुठल्या बीटवर पाय टाकतोस ते मोजायला शीक, स्टेप्सना नावं दे. त्याने ते केलं आणि आज जगभर जो न्यूयॉर्क स्टाइल ऑन टू शिकवतात, ज्यात दिशा दुसऱ्या आणि सहाव्या बीटवर बदलते, तो पसरवण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे. म्हणजे अंगात आधीपासून होतं पण दुसऱ्याला देता आलं ते मोजायला शिकल्यावर. असा टीचर तुमच्या गावात सापडला तर फी थोडी जास्त असली तरी जा.

नुसत्या स्टुडिओतून आलेल्यांची गोष्ट वेगळी. आर्थर मरे नावाच्या माणसाने अमेरिकेत पावलांचे ठसे छापलेले कागद पोस्टाने घरी पाठवून नाच शिकवायचा धंदा केला, ते ठसे जमिनीवर मांडायचे आणि त्यावर पाय टाकत जायचं, आणि पुढे त्याच्या नावाने स्टुडिओंची साखळीच उभी राहिली. हसू नका, घाबरणाऱ्या माणसाला अशी पद्धत लागते. जे टीचर कोर्स करून, लेव्हल पास करून आलेत ते पाय, फ्रेम (हात-खांद्यांची ठेवण), हाताची उंची अगदी नीट सांगतात, नवख्याचे पहिले दोन-तीन महिने त्यांच्याकडे छान जातात. फक्त बघायचं एवढंच की गाणं बदललं, वेग वाढला तरी त्यांचा पॅटर्न तसाच चालू राहतो की गाण्यातला ब्रेक आला, म्हणजे वाद्यं क्षणभर थांबली, की तेही थांबतात.

टँगोवाल्यांकडून एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. ब्युनोस आयर्सला टँगोच्या भरभराटीच्या काळात, म्हणजे साधारण 1935 ते 55, तरुण पोरं प्रॅक्टिसला एकमेकांबरोबरच नाचायची आणि नवीन आलेल्याला आधी फॉलो करायला, म्हणजे समोरच्याच्या इशाऱ्यावर नाचायला लावायचे, लीड करायला, म्हणजे इशारा द्यायला नंतर. त्यामुळे बाईबरोबर फ्लोअरवर उतरायच्या आधी त्या मुलाला कळलेलं असायचं की ओढलं की कसं लागतं. मी स्वतः फॉलो करते त्यामुळे हे मला फारच पटतं. तर टीचरला विचारा, तुम्हाला दोन्ही येतं का? पुरुष टीचर असेल तर फॉलो करून दाखवा म्हणावं, बाई असेल तर लीड. लाजत का होईना करून दाखवलं की समजा यांनी दुसऱ्या बाजूचा विचार केलाय.

आपल्याकडचे रस्ते अजून वेगळे. गोव्यात, वसईला, बांद्र्याला ख्रिश्चन लग्नांमध्ये बँडवर वॉल्ट्झ आणि जाइव्ह नाचत मोठी झालेली माणसं असतात, त्यांना विचारलं तर सांगतील शिकलो कुठे, काकांबरोबर नाचलो बस. पुण्या-मुंबईत बरेच जण ऑफिसनंतर काहीतरी करू म्हणून क्लासला आले आणि तिथलेच झाले, दिवसा लॅपटॉप आणि संध्याकाळी क्लास, हे लोक मला आवडतात कारण नवशिक्याचे हाल त्यांना आठवत असतात. आणि तिसरे स्टेजवाले, बॉलिवूड ग्रुपमधून, रिअॅलिटी शोमधून आलेले. नाचतात जबरदस्त, प्रश्नच नाही. पण तिथे सगळं आठ-आठ काउंटमध्ये बसवलेलं असतं आणि पार्टनर ठरलेला असतो, त्यामुळे क्लासमध्येही कोरिओग्राफी बसवतात, महिनाअखेरीला व्हिडिओ काढतात, आणि तुम्ही सोशलला, म्हणजे सगळे जमून कोणाबरोबरही नाचतात त्या संध्याकाळी गेलात आणि समोरच्याला ती कोरिओग्राफी माहीत नसेल तर तुम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे. लग्नाच्या संगीतासाठी शिकताय तर हाच टीचर बेस्ट, सोशलसाठी शिकताय तर जरा थांबा.

आता बघायचं कसं. क्लास लावायच्या आधी त्या शहरातल्या एखाद्या सोशलला नुसते जा, नाचू नका हवं तर, भिंतीला टेकून टीचरकडे बघा. तो फक्त आपल्या असिस्टंटबरोबर आणि भारी नाचणाऱ्यांबरोबर नाचतोय की एखाद्या नवख्या मुलीबरोबर पण, आणि तिच्याबरोबर नाचताना बेसिकवर येऊन तिला हसवत नेतोय की दहा स्पिन देऊन गरगरवतोय? आणि गाणं चालू असताना कोणी पार्टनरला चुका सांगत बसलं असेल तर त्याच्यावर मनातल्या मनात फुली मारा, टँगोच्या मिलोंगात, म्हणजे टँगोच्या सोशलमध्ये, तर तो चक्क उद्धटपणा समजतात. न विचारता कोणाला मागे झुकवणं, उचलणं, तेही तसंच. आणि टीचर सोशलला कधी दिसतच नाही, फक्त क्लास घेतो, असं असेल तर का ते विचारा, घरी लहान मूल असेल, गुडघा दुखत असेल, चालतं, पण नाचायची इच्छाच उरली नसेल तर ती तुम्हाला तरी कुठून देणार.

ट्रायल क्लासमध्ये गाणं लावून मोठ्याने मोजायला सांगा. सालसात एक-दोन-तीन, पाच-सहा-सात, चार आणि आठला पाऊल नाही, बचाटात तीन पावलं आणि चौथ्याला टॅप, हे कोणीही सांगेल, पण चालू गाण्यात मधूनच "एक" पकडता येणं वेगळं. तसंच किती वेळा जोड्या बदलल्या ते बघा, आणि दुखलं तर सांगा असं टीचर आपणहून म्हणतो का तेही. मुलींसाठी खास, हात धरून दाखवायच्या आधी "चालेल ना?" विचारणारा टीचर असेल तर बाकीच्यांनाही तीच सवय लागलेली असते, आणि प्रायव्हेट क्लासला एकटीनेच या असा आग्रह सुरू झाला की तिथून निघा, तो कितीही भारी नाचत असला तरी.

उत्तर देताना टीचर आपल्या टीचरचं नाव घेतो का हेही ऐका, कारण हा नाच माणसाकडून माणसाकडेच आलाय, आणि "मी यूट्यूबवरून सुरुवात केली, मग अमक्यांकडे दोन वर्षं गेलो" असं कोणी सरळ सांगितलं तर तेही उत्तम उत्तर आहे, त्यात कमीपणा काही नाही. "मी स्वतःच, कोणाकडून नाही" असं छाती पुढे काढून म्हणणाऱ्याला मी जरा लांबूनच नमस्कार करते. आणि हो, पहिल्याच दिवशी सहा महिन्यांचं पॅकेज भरू नका, एक महिन्याचं घ्या, मोज्यांवर किंवा नवीन रबरी सोलच्या बुटांवर जाऊ नका, मोजे घसरतात आणि रबर वळताना अडकून गुडघ्याला पीळ बसतो, आणि एक जादा टीशर्ट बॅगेत टाका, घाम फार येतो.