दहावीच्या पोरांना अर्थशास्त्र कळलंय का, हे कसं ओळखायचं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी समाज विज्ञान शिकवायला लागले, तेव्हा माझं बी.ए. इतिहासात झालेलं होतं. कर्नाटकात समाज विज्ञान म्हणजे एका विषयात सहा विषय: इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र आणि व्यवहार अध्ययन. तुम्ही नवे शिक्षकही बहुतेक इतिहास नाहीतर भूगोल करूनच आला असाल. अर्थशास्त्राची पाळी शेवटी येते, तोवर वर्ष सरत आलेलं असतं, मग व्याख्या पाठ करून घ्यायच्या एवढंच हातात उरतं. पहिली दोन वर्षं मी तेच केलं. निकाल बरा लागला, त्यामुळे कुणी काही विचारलंही नाही.

तिसऱ्या वर्षी एका मुलीनं तुटीच्या अंदाजपत्रकाची व्याख्या अगदी स्वल्पविरामासकट बरोबर लिहिली. पूर्ण मार्क दिले. दुसऱ्या दिवशी वर्गात गृहलक्ष्मीच्या, म्हणजे कर्नाटक सरकार घरातल्या बाईला महिन्याला देतं त्या 2000 रुपयांचा विषय निघाला. सरकारला पैसे कमी पडले तर, असं मी सहज विचारलं. तीच मुलगी म्हणाली, "छापायचे की बाई, नोटांचा कारखाना त्यांचाच हाय." सगळ्या वर्गानं माना डोलावल्या. सरकार कर्ज काढतं, त्यावर व्याज भरतं, ते पुढच्या करातून जातं, यातलं काहीही त्या व्याख्येच्या मागे नव्हतं. मग आदल्या दिवशी मी मार्क कशाला दिले होते?

तेव्हापासून प्रत्येक धड्याला निदान एक प्रश्न असा घालते, ज्याचं उत्तर पुस्तकात नाही पण घरात आहे. आमच्या तालुक्यातल्या पोरांना तीन राज्यांचे दर ठाऊक असतात, कारण घरातलं कुणी ना कुणी गोव्याला कामाला असतं आणि मावशी कोल्हापूरकडे दिलेली असते. म्हणून कराच्या धड्यावर मी विचारलं: गोव्यात, आपल्याकडे आणि महाराष्ट्रात पेट्रोलचा दर वेगवेगळा का? 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला तरी पेट्रोल-डिझेल त्याच्या बाहेर राहिलं आणि प्रत्येक राज्य आपापला कर लावतं, हे उत्तर मला हवं होतं. आलेली उत्तरं अशी: "गोव्याला समुद्रातनं पेट्रोल निघतं." "तिथं टुरिस्ट येतात म्हणून स्वस्त ठेवलंय." "तिथं बोटीतनं येतं, आपल्याला टँकरचं भाडं पडतं."

तिसऱ्या उत्तराला मी अर्धे मार्क दिले. वाहतूक खर्चाचा विचार करणारं पोर चुकलं असलं तरी अर्थशास्त्राच्याच वाटेवर आहे. पहिल्या दोघांपैकी टुरिस्टवाल्याला पुन्हा विचारलं, "जत्रेत गर्दी झाली की चहा स्वस्त होतो का रे?" तो डोकं खाजवत बसला. ते खाजवणं मी वहीत लिहून ठेवलं.

ती वही हेच माझं खरं साधन. बहुपर्यायी प्रश्न काढताना नवे शिक्षक एक बरोबर उत्तर घेतात आणि तीन कुणालाही पटणार नाहीत असे पर्याय मनाने जोडतात. मग पोरं न कळता बरोबर टिक करतात. चुकीचे पर्याय पोरांच्याच तोंडून उचला. 'समुद्रातनं निघतं' हा पर्याय पुढच्या वर्षी छापला तेव्हा कोण कुठे अडकलंय ते लगेच दिसलं.

सगळ्यांत जास्त शिकवलं ते रताळ्याच्या प्रश्नानं. मागणी-पुरवठा रीतसर पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला येतो, पण रताळी आमच्या पोरांच्या घरची. दर वाढला की लोक कमी घेतात, हे फळ्यावर सांगून झालं होतं. मग विचारलं: महाशिवरात्रीच्या आठवड्यात रताळ्याचा दर चढतो आणि लोक घेतातही जास्त, मग नियम खोटा का? हुशार मुलं गडबडली. कुणी लिहिलं, नियम उपवासाला लागू नाही. कुणी सगळा दोष दलालावर ढकलला. मार्केट यार्डात बापाबरोबर जाणाऱ्या, एरवी काठावर पास होणाऱ्या एका पोरानं लिहिलं: "दर वाढला म्हणून जास्त घेत नाहीत. जास्त घेणारे आले म्हणून दर वाढला." दरामुळे खरेदी कमी-जास्त होणं वेगळं आणि मागणीच वाढणं वेगळं, हे कॉलेजात आलेख काढूनही अनेकांच्या डोक्यात शिरत नाही. याने ते दोन ओळींत सांगितलं. शुद्धलेखनाच्या सहा चुका होत्या. त्या मी मोजल्या नाहीत, तुम्हीही मोजू नका.

भाषेचं एक सांगायलाच हवं. एकानं कर्जाच्या प्रश्नात लिहिलं, "आमच्या घरावर साल आहे." मी लाल रेघ ओढली, 'वाक्य अपूर्ण' असा शेरा मारला आणि पुढे गेले. कन्नडमध्ये साल म्हणजे कर्ज, हे मला माहीत होतं, पण मराठी पेपर तपासताना डोक्यात आलं नाही. पोरानं दुसऱ्या दिवशी भीत भीत विचारलं, "बाई, साल चुकीचं हाय काय?" सीमाभागात शिकवणार असाल तर शब्दाला मार्क कापण्याआधी पोराला एकदा बोलावून विचारा. कर्ज, तारण, व्याज हे त्याला कळलंय की नाही हे तपासायचंय, मराठीचा पेपर वेगळा असतोच.

अमेरिकेत हायस्कूलसाठी 'टेस्ट ऑफ इकॉनॉमिक लिटरसी' नावाची बहुपर्यायी चाचणी आहे. तिचे दोन समांतर संच असतात, म्हणजे शिकवण्याआधी एक आणि नंतर दुसरा देता येतो. तिथले प्रश्न आपल्याला उपयोगाचे नाहीत, पण युक्ती घ्या. धडा सुरू करण्याआधी पाच प्रश्न, संपल्यावर त्याच जातीचे दुसरे पाच. आपल्या शिकवण्यानं काय बदललं ते कळतं. कधी कधी काहीच बदललेलं नसतं, तेही कळतं, त्याची तयारी ठेवा.

बोर्डाचा पेपर 80 चा आणि अंतर्गत 20. हे 20 सगळीकडे सढळ हाताने वाटले जातात, मीही वाटलेत. आता त्यातले थोडे तोंडी परीक्षेला ठेवते. प्रत्येकी दोन मिनिटं, एक प्रश्न आणि त्यावर एक 'का'. साठ पोरांना दोन तास लागतात, ते कुठून काढायचे हे टाइमटेबल पाहून तुमचं तुम्ही ठरवा.

सध्या वहीत पिग्मीचा प्रश्न चालू आहे. पिग्मी एजंट रोज संध्याकाळी दुकानातनं पैसे नेतो, ते पुढे जातात कुठे? गेल्या आठवड्यात आठवीतल्या एकीनं सांगितलं, "बँकेत बाई. तिजोरीत आमच्या नावाचा डबा असतो, त्यात."