तुळशीची जपमाळ घरी ओवताना

आधी दोरा. मी ठाण्यात नौपाड्यात राहते, सामान जांभळी नाक्याच्या बाजारातून आणते. 1 मिलिमीटर जाडीचा, मेण लावलेला सुती दोरा घ्या, साधारण 3 मीटर. नायलॉन टिकतो, पण त्याची गाठ सुटते. मला सुतीच आवडतो.

मणी 8 मिलिमीटरचे, 108, शिवाय मेरूसाठी, म्हणजे माळ जिथे जुळते तिथल्या मुख्य मण्यासाठी, एक मोठा. तुळशीचे मणी हाताला हलके लागतात. फारच गडद दिसले तर ओल्या फडक्याने एक पुसून बघा, रंग दिलेला असला तर उतरतो.

आता खरं काम, गाठी. दर दोन मण्यांमध्ये एक हवीच: मणी मण्यावर घासत नाही आणि दोरा तुटला तरी सगळी माळ विखरत नाही. सैल गाठ मारा, तिच्यात सुई घाला, सुईनेच गाठ मण्यापाशी सरकवत न्या, मग सुई काढून दोरा ओढा. मात्र अगदी आवळू नका. मणी बोटाखाली फिरला पाहिजे. माझी आई प्रत्येक गाठीनंतर मणी फिरवून बघायची, मीही बघते. घट्ट माळ कितीही देखणी असो, जपाला उपयोगाची नाही.

शेवटी दोन्ही टोकं मेरूतून काढून पक्की गाठ मारा, हवा तर गोंडा लावा. जपताना मेरू ओलांडत नाहीत, तिथून माळ उलट फिरवतात.

पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत लाकडाला बुरशी धरते. माळ प्लास्टिकच्या डबीत कोंडू नका. सुती गोमुखीत, म्हणजे जपमाळेच्या पिशवीत, ठेवा आणि ऊन पडलं की थोडा वेळ खिडकीत टांगा.