सशाला मीठ चाटायला द्यायचं का?

आमच्या सशाचं नाव चिवडा. पांढऱ्या अंगावर तपकिरी-काळे ठिपके आणि मुक्काम नाशिक, मग दुसरं काय नाव ठेवणार? गेल्या मे महिन्यात सासरे दिंडोरीहून आले ते पिशवीतून गाईची चाटण वीट, म्हणजे मीठ-खनिजांचा ठोकळा, घेऊनच. "एवढ्या उन्हात अंगातलं मीठ जातं गं. गाईला लागतं, मग याला नको?"

मला पटलं. कारण चिवडा तेव्हा गॅलरीची भिंत चाटायचा, कोपऱ्यातला चुना खरवडायचा. वीट तारेने पिंजऱ्याला बांधली. पठ्ठ्या तासन् तास चाटायचा आणि वर वाटीभर जास्त पाणी प्यायचा. जूनमध्ये हवा दमट झाली तशी वीट पाझरायला लागली, खालची जाळी गंजली. शेवटी त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मिठाचं काही विचारलंच नाही. विचारलं, "गवत किती खातो?"

गवत मी मूठभर टाकायचे, तेही आठवण झाली तर. बाकी सगळा कारभार पेलेट (सशाच्या तयार खाद्याचे दाबलेले दाणे) आणि कोथिंबिरीवर. चूक तिथे होती.

तर तुमच्याकडे वीट किंवा मिठाची चकती टांगलेली असेल, तर आधी ती काढा. उन्हाळ्यात घामावाटे आपलं मीठ जातं, पण सशाला घाम जवळजवळ येतच नाही. तो अंगातली उष्णता कानांवाटे बाहेर टाकतो. त्याला सावली, वारा आणि गार पाणी हवं. मी फ्रीजमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्याशेजारी ठेवते, त्याला टेकून तो दुपार काढतो. मिठाचं म्हणाल तर पेलेटमध्ये ते साधारण अर्धा टक्का असतंच. पिशवीवर घटक छापलेले असतात, वाचा. गाईच्या विटेत तर तांब्यासारखी खनिजं गाईच्या मापाने घातलेली असतात, काही विटांत युरियाही असतो. गाय तो पचवते, ससा नाही.

रोजचं खाणं मात्र मापात हवं. पोटातलं ऐंशी टक्के वाळलेलं गवतच असू द्या, आणि ते चोवीस तास समोर हवं. चिवडा पावणेदोन किलोचा आहे. त्याला दिवसाला 30 ग्रॅम पेलेट, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून. वर मूठ-दोन मूठ पाला: कोथिंबीर, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, कधी मेथी. पालक क्वचित. पाणी वजनाच्या किलोमागे दिवसाला 50 ते 150 मिली लागतं, म्हणजे याला साधारण 90 ते 260 मिली. गवतावर आणायचं असेल तर एकदम नको, आठ-पंधरा दिवसांत हळूहळू पेलेट कमी करा.

मिठापेक्षा मला जास्त भीती कॅल्शियमची वाटते, आणि यावर कोणी बोलत नाही. बहुतेक प्राणी गरजेपुरतं कॅल्शियम शोषतात. ससा मिळेल ते शोषतो आणि जादाचं लघवीवाटे बाहेर टाकतो. इतर प्राण्यांच्या लघवीतून फार थोडं कॅल्शियम जातं, सशाच्या लघवीतून कितीतरी जास्त. म्हणून वरून कॅल्शियमच्या गोळ्या किंवा पक्ष्यांना देतात तो समुद्रफेस दिला, तर मूत्राशयात गाळ साचतो, खडे होतात. दातांसाठी म्हणून समुद्रफेस देऊ नका. सशाचे दात आयुष्यभर वाढतात आणि ते झिजतात गवत चावून.

इथे एक नावाचा घोळ. दूधवाल्यांकडे हिरवा लसूणघास मिळतो, स्वस्त आणि ताजा. त्याचा लसणाशी काही संबंध नाही; लसूण आणि कांदा, त्याच्या पातीसकट, सशाला विषारी. लासलगाव जवळ म्हणून घरात कांदे पोत्याने असतात, पिंजरा त्यांच्यापासून लांब ठेवा. लसूणघासात मात्र कॅल्शियम भरपूर. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला किंवा दूध पाजणाऱ्या मादीला चालतो, मोठ्या सशाला रोज नको. द्राक्षाची पानं कोणी प्रेमाने आणून दिली तरी फवारणी कधी झाली ते विचारल्याशिवाय देऊ नका.

लघवी पिवळसर, गढूळ किंवा पाल्यातल्या रंगामुळे नारिंगी-लालसर दिसली तर एवढ्यावरून घाबरू नका. पांढरी, खडूच्या लगद्यासारखी दिसली किंवा ससा कुंथत असेल तर दाखवा. दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. खनिजाचं औषध द्यायचं असेल तर तेही त्यांनीच सांगू दे.

भिंत चाटणं? गवताचा ढीग समोर आल्यावर तीन आठवड्यांत थांबलं. चुना खरवडणं अजून अधूनमधून चालतं, विशेषतः माझं लक्ष नसलं की. त्याला पेरूची फांदी टाकते. गवत मी त्र्यंबककडचं घेते, दिवाळीनंतर कापून वाळवलेलं; हात घालून बघते, कुबट वास किंवा काळे डाग असले तर परत. पावसाआधी दोन पोती माळ्यावर चढवून ठेवते, कारण जुलैत कोरडं गवत शोधत फिरणं म्हणजे शिक्षाच.

वीट सासरे परत घेऊन गेले. गाईने चार दिवसांत तिला खळगा पाडला म्हणे.